मिरचीच्या पथारीवरचं हेलिकॉप्टर

आमच्या गोठ्यात हेलिकॉप्टर आहे असं सांगितलं की लोक आधी माझ्या तोंडाकडे बघतात आणि मग विषय बदलतात. सगळी नोकरी मी जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली, त्यामुळे बाई थापा मारतात असं तोंडावर म्हणायची कोणाची हिंमत होत नाही. पण चहा संपला की पाहुण्याचे पाय हळूच गोठ्याकडे वळतात. तिथे म्हशींच्या पलीकडे, ताडपत्रीखाली, ते उभं असतं. एकाच माणसाचं, लहानसं. दार नाही, काच नाही. एक खुर्ची, खुर्चीमागे इंजिन, डोक्यावर दोन लांब पाती आणि मागे शेपटी. पाहुणा वाकून खालून बघतो, मान वर करून पाती बघतो आणि शेवटी विचारतो, "पण हे उडतं का?" मी म्हणते, "बसा, सांगते."

आमचे हे एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर रनाळ्याला, आमच्या गावी, घरच्या शेतीकडे लक्ष देतील अशी माझी समजूत होती. ह्यांनी लक्ष दिलं ते मोबाइलकडे. परदेशातली माणसं आपापल्या गॅरेजमध्ये बसून हेलिकॉप्टर जोडतात, त्याचे व्हिडिओ हे तासन्‌तास बघायचे. मी म्हटलं, चला, निदान घरात तरी आहेत. मग एक दिवस पपई घेऊन सुरतेला गेलेली गाडी परत आली ती मोठमोठी लाकडी खोकी घेऊन. सुरतेच्या कोणा हौशी कारखानदाराने जोडायचा संच परदेशातून मागवला होता आणि खोकी उघडायच्या आतच त्याची हौस फिटली होती. आमच्या ह्यांची फिटायची होती.

ह्यांना काय हवं होतं ते मी सरळ सांगते, कारण ह्यांनीही मला ते सरळच सांगितलं होतं. ह्यांना कुठे जायचं नव्हतं. आकाशात न्यायचं तर दिल्लीपर्यंत परवानग्या लागतात आणि त्या आपल्याला कोणी देणार नाही, हे ह्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. सगळं आयुष्य बसच्या खाली उताणं पडून गेलं होतं. आपल्या हातांनी जोडलेल्या यंत्रात बसून एकदा, फक्त एकदा, जमीन सोडायची होती. तीही साखळ्या बांधून.

"उडावनं नही, बाई. फक्त उचलनं शे," हे म्हणाले. हे मला बाई म्हणतात, शाळेतल्या पोरांसारखं.

"आन पडी गयं ते?"

"वीतभर वरथीन पडीसन काय व्हई?"

मी ओसरीच्या पायरीला वीत लावून बघितली. हे त्या दिवशी भलतेच खुशीत होते.

जोडकामाला ह्यांचे एक दोस्त होते. नंदुरबारात त्यांचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. ट्रॉल्या, फाटकं, नांगर, जे लोखंडाचं असेल ते सगळं तिथे बनतं. मी त्यांना भाई म्हणते, ते मला भाभी म्हणतात. भाई अंगाने चांगले भरलेले आहेत आणि खाण्याचे शौकीन. संचातल्या यंत्राची खुर्ची सडपातळ माणसासाठी केलेली होती, त्यामुळे त्यात बसायचं काम आपल्याकडे येणार नाही याचा त्यांना पहिल्यापासून आनंद होता.

संचाबरोबर जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं होतं. ते वाचायचं काम अर्थातच माझ्याकडे. मी ओसरीवर बसून एकेक पान वाचायचे, शब्दकोशात बघून मराठीत सांगायचे आणि हे दोघे मान डोलावून नेमकं तेच करायचे जे त्यांना आधीपासून करायचं होतं. दोन-चार पानांनंतर मी शाळेतला आवाज काढला. मग मात्र दोघेही सुतासारखे सरळ झाले. एखादा बोल्ट आवळायचा राहिला तर मी पुढचं पान वाचायचेच नाही. तसं करता करता त्या यंत्राचा नट अन् नट मला पाठ झाला.

पाती दोन्ही एकाच पातळीत फिरली पाहिजेत, एक वर एक खाली फिरलं तर यंत्र थरथरतं. ते बघायला ह्यांनी एका पात्याच्या टोकाला कुंकू लावायचं ठरवलं आणि डबी उचलली. मी ती हातातून काढून घेतली आणि गेरू दिला. दुसऱ्या टोकाला कपड्यांची नीळ. भाईंनी बांबूला जुन्या चादरीचा पट्टा ताणून बांधला आणि पाती फिरत असताना तो हळूच टोकांपर्यंत नेला. चादरीवर गेरूचा डाग आणि निळीचा डाग वेगवेगळे उमटले की परत सगळं थांबवायचं, किंचित सारखं करायचं, परत फिरवायचं. शेवटी दोन्ही डाग एकावर एक पडले तेव्हा भाईंनी चादरीचा तो तुकडा कापून दुकानात लावायला नेला. माझ्या चांगल्या चादरीचा तो शेवट.

आणि मला झाडाला टांगलं तेही सांगायला हवं. यंत्राचा तोल बघायला ते वरच्या दांड्याला धरून अधांतरी लटकवतात आणि खुर्चीत बसणाऱ्याच्या वजनाचं काहीतरी ठेवतात. पोतं ठेवलं तर ते कलंडे. हे स्वतः बसले तर तोल दाखवणारी पाणसळ कोण बघणार? म्हणून बसले मी. वजन कमी पडत होतं ते भाईंनी मांडीवर वजनमापं ठेवून भरून काढलं. चिंचेच्या फांदीला चेन-कप्पी लावून दोघांनी मला यंत्रासकट वर ओढलं.

"भाभी, तुम्ही फक्त बठा. कोनताच चीजले हात लावू नका," भाई खालून म्हणाले.

रस्त्याने जाणाऱ्या बायका थांबून बघत होत्या. मी पदर नीट केला आणि शाळेच्या तपासणीला बसल्यासारखी ताठ बसले. हे पाणसळीचा बुडबुडा बघत होते, माझ्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

सगळं जमलं तेव्हा उन्हाळा लागला होता. आमच्या शेतात काळी माती. उन्हात तिला भेगा पडतात आणि ढेकळं वर येतात, तिथे यंत्र सपाट कसं बसणार? मग भाईंना पथारी आठवली. नंदुरबारचा माणूस असल्याशिवाय ही जागा डोक्यात येणारच नाही. हंगामात शहराबाहेरच्या मैदानांवर लाल मिरची वाळत घालतात, त्याच ह्या पथाऱ्या, नजर पोचेल तिथपर्यंत लाल. हंगाम संपला की ती मैदानं मोकळी पडतात. टणक, सपाट, झाडलेली, आजूबाजूला ना झाड ना तार. भाईंच्या ओळखीच्या व्यापाऱ्याने हसतच होकार दिला. आम्ही ट्रॉलीवर ताडपत्री टाकून यंत्र नेलं. वाटेत दोघातिघांनी विचारलं, फवारणीचं नवीन मशीन का? हे म्हणाले, हो.

आता यात चूक काय होती, ते बाहेरच्या माणसाला लगेच कळेल. आम्हाला कळलं नाही. आमचा जन्म त्या वासात गेला. पाहुणे स्टँडवर उतरले की ठसकतात आणि आम्ही त्यांना विचारतो, सर्दी झाली का? मैदान झाडलेलं होतं, डोळ्यांना स्वच्छ दिसत होतं. पण वर्षानुवर्षं वाळलेली, तुडवलेली, पोती ओढलेली मिरची त्या मातीच्या कणाकणात बसली होती, आणि तिच्यावर वरून वारा कोणी सोडला नव्हता.

चारी कोपऱ्यांना साखळ्या बांधल्या. हे खुर्चीत बसले, पट्टा आवळला आणि माझ्याकडे बघून हसले. तसं हसणं मी लग्नाच्या फोटोतही बघितलेलं नाही. इंजिन सुरू झालं, पाती फिरायला लागली, मग दिसेनाशी झाली आणि नुसतं फिरतं वर्तुळ उरलं. पहिल्यांदा भाई शिंकले. मग मी. मग जमिनीतून लालसर धुरळा उठला आणि चहूबाजूंनी वर येऊन परत पात्यांतून खाली यायला लागला. पलीकडे चरणाऱ्या शेळ्या शिंकत पळाल्या. चहाच्या टपरीवरची माणसं तोंडाला रुमाल लावून रस्ता ओलांडून गेली.

ह्यांनी इंजिन लगेच बंद केलं. पण इंजिन बंद केलं म्हणून पाती थांबत नाहीत. ती आपल्या वेगाने फिरत राहतात, हळूहळू मंद होतात आणि ती थांबेपर्यंत जवळ जाता येत नाही. हे त्या लाल धुरळ्यात पट्ट्याने बांधलेले, वाकून खोकत होते आणि मी डोळे पुसत लांब उभी. भाईंनी माझा दंड धरून ठेवला होता. तसा धरला नसता तर मी गेले असते हे त्यांना माहीत होतं.  आयुष्यात इतकी असहाय मी कधी झाले नव्हते, आणि ते ज्या गोष्टीमुळे झालं होतं तिचं पुस्तक मीच वाचून दाखवलं होतं.

पाती थांबली तेव्हा ह्यांचा चेहरा घामाने भिजला होता. खोकला थांबला तरी घाम थांबेना. "मिरची शे, बाकी काही नही," हे म्हणाले. भाईंनी ट्रॉली तिथेच सोडली, एका ओळखीच्याची गाडी थांबवली आणि आम्ही दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी आधी वाफ दिली. किती मिरची, कुठली मिरची, हेलिकॉप्टर कुठून आलं, हे सगळं ऐकून ते हसू दाबत होते. मग छातीची ईसीजीची पट्टी काढली आणि हसू गेलं. मिरचीने फक्त खोकला आणला होता. घाम दुसऱ्याच कारणाने आला होता. सुरतेला नेलं, हृदयाची बंद होत आलेली रक्तवाहिनी उघडली, आत जाळी बसवली. तिथले डॉक्टर मला म्हणाले, "अजून काही महिने गेले असते तर हे झोपेतच गेले असते. खोकल्याने तुम्हाला वेळेवर आणलं." मग ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "आणि ते हेलिकॉप्टर आता विसरायचं. ती थरथर, ती धडधड, ते तुमच्यासाठी नाही. कधीच नाही."

मी तिथेच बाकावर बसून रडले आणि रडून झाल्यावर मला इतकं हलकं वाटलं की कँटीनमध्ये जाऊन मी वडापाव खाल्ला. माणूस माझा घरी येणार होता. मला दुसरं काही नको होतं. आजही नंदुरबारच्या मिरचीला कोणी नावं ठेवली तर मी भांडते.

पण ह्यांना दुसरं काही हवं होतं, आणि ते गेलं होतं. घरी आल्यावर हे सगळं वेळेवर करायचे. गोळ्या, चालणं, अळणी जेवण. तक्रार नाही. गोठ्यात मात्र जायचे नाहीत. म्हशींना पाणी दाखवायला मीच जायचे. भाई शुक्रवारची नमाज झाली की यायचे, दोघे ओसरीवर बसून पपईच्या भावापासून नातवंडांच्या शाळेपर्यंत सगळं बोलायचे, पण ताडपत्रीखाली काय आहे त्याचं नाव नाही. एकदा हे सहज म्हणाले, भंगारवाल्याला बोलावू. भाईंचा चहा कपातच राहिला.

पावसाळा सरला, दिवाळी झाली, आणि एका सकाळी मी चुलीपुढे बसल्या बसल्या म्हणाले, "मी बठस."

"कोठे?"

"खुर्चीवर. गोठामानी."

ह्यांनी पेपर खाली ठेवला. "तू? नही."

"माले झाडले टांगं तवय चालनं, आते का बरं नही?"

"तवय इंजन बंद व्हतं."

"तुम्ही बठनात तवय ते चालूच व्हतं."

ह्यांनी खाली ठेवलेल्या पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "माले भ्याव वाटस."

इतक्या वर्षांच्या संसारात भीती वाटते असं ह्यांनी कधी म्हटलं नव्हतं. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. "माले बी वाटे," मी म्हणाले, "इतला दिन."  दुपारी गोठ्यातून ताडपत्री ओढल्याचा आवाज आला.

जागा मी निवडली. शेताच्या कडेला आमचं जुनं खळं होतं. आता मळणीची यंत्रं येतात, खळं कोणी करत नाही, पण मला येतं. जमीन सारखी केली, पाणी मारून धुमसाने ठोकून घेतली, पुन्हा पाणी, पुन्हा ठोकणं. मग शेजारच्या दोघीजणींना बोलावून वरून शेणाने सारवली. वाळल्यावर तळहात फिरवला तर धूळ लागत नव्हती. भाईंनी चार कोपऱ्यांना लोखंडी खुंट्या सिमेंटमध्ये बसवल्या आणि यंत्राखाली पाइपांची एवढी रुंद चौकट जोडली की ते कलंडू म्हणता कलंडलं नसतं. साखळ्या चारी बाजूंना सारख्या, वीतभर ढिल्या.

मग माझी शाळा सुरू झाली. सकाळी वारा नसताना मी बसायचे, हे लांब खुर्ची टाकून बसायचे आणि हातांनी खुणा करायचे. पाय शेपटीसाठी, उजवा हात तोलासाठी, डावा हात उचलण्यासाठी. खुर्चीच्या डाव्या बाजूला एक दांडा असतो, तो वर ओढला की पाती वाऱ्याला धरतात. कित्येक दिवस मी तो दांडा जरासा वर घ्यायचे, यंत्र हलकं झाल्याचं जाणवायचं आणि परत खाली. घाई कोणालाच नव्हती. थंडी पडली होती, गहू हिरवा होता, आणि हे पुन्हा पहिल्यासारखे माझ्यावर खेकसायला लागले होते. मी सुखात होते.

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी काही ठरलेलं नव्हतं. साडीवर भाईंच्या मुलाचं जाड जाकीट, डोक्याला मफलर, अशा थाटात मी बसले होते. इंजिन गरम झालं. खुर्ची थरथरत होती, दात एकमेकांवर आपटत होते, रोजच्यासारखंच. मी डावा हात वर घेतला. ह्यांनी खूण केली, अजून. मी अजून घेतला. आणि ती थरथर एकदम थांबली. जमिनीतून जे काही वर येत होतं ते सगळं तुटलं. यंत्र किंचित डोललं, मी उजवा हात नेमका कसा सावरला ते मला सांगता येणार नाही. खाली बघितलं तर सारवलेल्या जमिनीवर चौकटीची सावली चौकटीपासून सुटली होती. भाईंनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले होते. हे उभे राहिले होते, आणि यंत्राकडे, पात्यांकडे, साखळ्यांकडे कुठेच बघत नव्हते. माझ्या तोंडाकडे बघत होते.

पाती थांबल्यावर हे चालत आले. धावायला बंदी आहे. पट्टा ह्यांनी स्वतः सोडवला. पलीकडे भाई मान वळवून उगाच एक खुंटी तपासत होते.

"कसं वाटनं?" ह्यांनी विचारलं.

माझ्या जिभेवर आलं होतं की काही नाही, तुमच्या एसटीपेक्षा बरं. पण हा माणूस जे विचारत होता ते त्याला आता दुसऱ्या कोणाकडून कळणार नव्हतं, आणि स्वतः बसून तर कधीच नाही. मी यंत्रातून उतरले, खळ्याच्या कडेला बसले, ह्यांना शेजारी बसवलं आणि सांगायला लागले. आधी दात कसे वाजत होते. मग खुर्ची. मग पायांखालून काहीतरी सुटलं ते. घाईने सांगितलं नाही. वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोराला समजेपर्यंत सांगायची मला सवय आहे.

त्यानंतर मी पुष्कळदा बसले, अजूनही बसते. पण ह्यांना पहिल्या दिवसाचंच ऐकायचं असतं. संध्याकाळी ओसरीवर खाट टाकली की थोडा वेळ इकडचं तिकडचं होतं, मग हे म्हणतात, "सांग ना, बाई." मी भाजी निवडत निवडत सांगते. हे डोळे मिटून ऐकतात. दात वाजतात तिथे ह्यांचा जबडा आवळतो. अजून घे, अशी खूण तुम्ही केलीत, असं मी म्हणते, आणि खाटेच्या डाव्या कडेला ह्यांचा हात हळूहळू वर यायला लागतो. मी त्या हाताकडे बघत बघत सांगते. तो वर आला, थांबला, की मीही थांबते. यंत्र परत खाली उतरलं हे मी कधी सांगत नाही, आणि हे कधी विचारत नाहीत.